सेन्सॉरला बेचव वाटलेली कादंबरी

हे भाषण संपून बक्षिसं कधी वाटतात याकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

स्पॅनिश म्हटलं की तुम्हाला 'मनी हाइस्ट' ही मालिका आठवणार. मला मात्र फायली आठवतात. आजच्या स्पॅनिश साहित्यावर संशोधन करते म्हटल्यावर लोक विचारतात, "आजच्या पुस्तकांत शोधायचं काय? दुकानात मिळतात की!" दुकानात छापलेलं मिळतं. कापलेलं कुठे मिळतं?

ते मिळतं माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेसमध्ये, सर्व्हांतेसच्या जन्मगावी. हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीतल्या सेन्सॉरच्या फायली तिथल्या सरकारी अभिलेखागारात आहेत. पुस्तक छापण्याआधी हस्तलिखित सेन्सॉरकडे जायचं आणि त्याच्यापुढे छापील प्रश्नपत्रिका असायची. धर्मतत्त्वांवर हल्ला आहे का? नीतीवर? चर्चवर? राजवटीवर? राजवटीला साथ देणाऱ्यांवर?

कार्मेन लाफोरेत तेवीस वर्षांची होती, तेव्हा 'नादा' या तिच्या पहिल्याच कादंबरीला नादाल पुरस्कार मिळाला. १९४५ साली ती छापून आली. स्पेनच्या यादवी युद्धानंतरच्या बार्सिलोनात शिकायला आलेली, तुमच्याच वयाची आंद्रेआ ही तिची नायिका. नातेवाइकांचं कुबट घर, भांडणं आणि पोटातली भूक. सेन्सॉरने शेरा मारला की कादंबरी बेचव आहे, साहित्यमूल्य शून्य. एक मुलगी बार्सिलोनात वर्षभर राहते, एवढंच. म्हणून परवानगी दिली! राजवटीविरुद्ध एकही घोषणा नाही, म्हणून साहेब निर्धास्त. त्या घरातली घुसमट साऱ्या देशाची आहे, हे वाचकांना मात्र कळलं.

कादंबरीकार कामिलो होसे सेलाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. हे गृहस्थ स्वतः काही काळ सेन्सॉरच्या नोकरीत होते. पुढे त्यांच्याच 'ला कोल्मेना' या कादंबरीला स्पेनमध्ये परवानगी मिळेना. ती १९५१ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये छापावी लागली. १९८९ चं नोबेल त्यांनाच मिळालं. वर्गात मुलं विचारतात, "मॅडम, हे नायक की खलनायक?" मी त्यांना पुस्तक वाचायला देते. लेखकाला पास-नापास करण्याची घाई मला पसंत नाही.

फ्रांको १९७५ मध्ये गेला. त्यानंतरही बराच काळ यादवी युद्धातल्या मृतांबद्दल घराघरांत मौनच होतं. २००१ मध्ये खाव्हिएर सेर्कासची 'सोल्दादोस दे सालामिना' ही कादंबरी आली ती आजोबांच्या युद्धाकडे नातवांच्या पिढीने वळून पाहण्याच्या काळात. याच युद्धात, १९३६ मध्ये, कवी लोर्काला गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा देह अजून सापडलेला नाही. म्हणून स्पेनमध्ये कादंबरीवरची चर्चा बघता बघता कोर्टकचेरीवर आणि थडग्यांवर येते.

शेवटी एक स्वार्थी मागणी. थेट स्पॅनिशमधून मराठीत आलेली पुस्तकं फार थोडी आहेत. तुमच्यापैकी कुणी ही भाषा शिकणार असेल, तर निदान दोन-तीन वर्षं नेटाने शिका आणि एखादी कादंबरी मराठीत आणा. पहिला खर्डा मला पाठवा. सेन्सॉरची लाल पेन्सिल मी वापरत नाही.

चला, बक्षिसं वाटूया.