घसरल्यावरही दार उघडं ठेवणारा डॉक्टर

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय ‘व्यसनमुक्ती’ असा छापलाय. मी त्यातला एकच प्रश्न घेणार आहे. अफूच्या जातीची नशा सोडायची ठरवली, तर डॉक्टर कसा निवडायचा? गर्द म्हणजे ब्राउन शुगर, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, ही सगळी एकाच कुळातली. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेलं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार दहा ते पंचाहत्तर वयाच्या दर शंभर भारतीयांत दोघे या कुळातलं काही ना काही घेतात. ज्या मोजक्या राज्यांत या व्यसनाने आजारी झालेल्यांची संख्या मोठी आहे, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे.

सांगलीकर म्हणतील, आमच्याकडे पेपरात येतं ते एमडीचं. बरोबर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून एमडीचा मोठा साठा पकडला, ते सगळ्यांना आठवत असेल. पण एमडी, म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजक आहे. त्याची ओढ थांबवणारी ठरावीक गोळी अजून नाही. तिथे समुपदेशनावरच भर द्यावा लागतो. अफूच्या कुळावर मात्र चांगली औषधं आहेत. म्हणून डॉक्टरची पहिली पारख अशी: काय घेतोस, किती, कधीपासून, ओढून की टोचून, आणि शेवटचं कधी घेतलंस, हे तो विचारतो का? सगळ्यांना सरसकट सलाईन आणि झोपेची गोळी देणाऱ्याकडून लवकर उठावं.

उपचाराचा पहिला दिवस कसा असतो, ते सांगतो. बुप्रेनॉर्फिन नावाची गोळी असते. ती गिळायची नाही, जिभेखाली धरून विरघळू द्यायची. पण रुग्ण आला आणि लगेच दिली, असं चालत नाही. आधीची नशा अंगात असताना ती दिली तर नशा एकदम उतरते आणि माणूस तडफडतो. म्हणून शेवटच्या गर्दनंतर साधारण बारा तास थांबावं लागतं. जांभयांवर जांभया येतात, नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, पोटात कळा येतात, पाय जागेवर राहत नाहीत. मुलं याला ‘टर्की’ म्हणतात. जाणता डॉक्टर नाडी बघतो, डोळ्यांच्या बाहुल्या बघतो आणि मगच पहिली गोळी देतो. तासाभरात मुलाचा चेहरा सैल पडतो. या वेळात डॉक्टर काय बोलतो, त्यावर मुलगा पुन्हा येणार की नाही हे बरंचसं ठरतं. “सहन कर, तुझ्याच कर्माची फळं आहेत,” असं ऐकवलं तर तो दाराबाहेर पडून थेट अड्डा गाठतो.

घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “डॉक्टर, ही गोळी किती दिवस? एक नशा सोडवून दुसरी लावताय का?” प्रश्न रास्त आहे. या गोळीचा असर एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. नेमक्या डोसवर माणूस झिंगत नाही. तो कामावर जातो, जेवतो, झोपतो. ती महिनोन्महिने, कधी काही वर्षंही घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन्ही औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घातली. फ्रान्सने नव्वदच्या दशकाच्या मध्यात साध्या फॅमिली डॉक्टरांना बुप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले अतिसेवनाचे मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. आपल्याकडे हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ठरावीक केंद्रांतूनच मिळतं. त्यामुळे योग्य डॉक्टर गाठणं इथे अधिकच मोलाचं.

आता मुख्य मुद्दा. आमच्या डॉक्टरी व्यवसायात एक खोड आहे. पेशंट पुन्हा प्यायला, त्याने पुन्हा ओढलं, की आम्हाला तो आमचा अपमान वाटतो. “माझं ऐकत नसशील तर येऊ नकोस,” असं म्हणून मोकळे होतो. या आजारात ते जिवावर बेततं. दोन-चार आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी जुन्याच मापाने घेतलं तर श्वास मंदावतो आणि थांबतो. म्हणजे घसरलेल्या मुलाला हाकलून दिलं तर आपण त्याला सर्वांत धोक्याच्या दिवशी एकटं पाडतो. डॉक्टरची खरी परीक्षा त्या दिवशी होते. तो विचारतो, “काय झालं? कोण भेटलं होतं? डोस कमी पडत होता का?” आणि उपचार पुढे चालू ठेवतो. घसरणं लपवावं लागत नाही, तो डॉक्टर आपला.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी ‘मुक्तांगण’ उभं केलं. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकले, मिरजेला डॉक्टर झाले, साताऱ्यात दवाखाना चालवला आणि व्यसनमुक्तीसाठी ‘परिवर्तन’ सुरू केलं. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद मानसोपचारतज्ज्ञ म्हणून हे काम करतात. देवऋष्याचा अंगारा आणि व्यसनाची भोंदू औषधं, या दोन्हींशी नरेंद्र दाभोलकरांचं भांडण एकाच कारणासाठी होतं: दुखणेकऱ्याला खरं सांगा, त्याला अंधारात ठेवू नका.

घरच्यांनीही हे ध्यानात घ्यावं. चहातून गुपचूप औषध घालू नका. रात्री गाडी बोलावून चौघांकरवी मुलाला उचलून नेऊ नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सालचा. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजार त्याच्या कक्षेत येतात. रुग्णाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे आणि उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क आहे. व्यसनमुक्ती केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ खरोखर कधी येतात, मारहाण होते का, भेटू देतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर देताना कुणी चिडलं, तर तेच उत्तर समजा.

पोलिसांची भीती अनेकांना अडवते. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. तेव्हा उपचाराला जाणं म्हणजे स्वतःला पकडून देणं नव्हे.

सुरुवात कुठून करायची? साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा आणि बुप्रेनॉर्फिन इथे मिळतं का, नसल्यास कुठे पाठवाल, एवढं सरळ विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत. पहिला डॉक्टर जमला नाही तर दुसरा शोधा, दुसरा नाही तर तिसरा. उपचार मात्र सोडू नका. आणि या सभागृहात जे डॉक्टर बसले आहेत, त्यांना हात जोडून एवढीच विनंती: घसरून परत आलेल्या मुलाला पुढची तारीख द्या.