कांद्याची निर्यातबंदी : ती का येते, केव्हा येते आणि आपण काय करावे?

(कांदा उत्पादक शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्या दिवशी संध्याकाळी वडिलांचा गावाहून फोन आला. खरीपाचा लाल कांदा काढून वावरात पडला होता. ते म्हणाले, "अरे, माझा कांदा तर बाजार समितीच्या पुढे कुठे जातो ते मला ठाऊक नाही. मग परदेशाचा रस्ता बंद झाला तर माझा भाव का पडावा?" मी कृषी महाविद्यालयात शिकवतो; पण या प्रश्नाचे सरळ उत्तर देताना माझीही थोडी अडचण झाली. आज तेच उत्तर आपणा सर्वांसमोर मांडतो.

थोड्या मालाने भाव का हलतो?

कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महागला म्हणून खायचे सोडत नाही. त्यामुळे बाजारात माल थोडा कमी पडला की भाव एकदम चढतो आणि थोडा जास्त झाला की कोसळतो. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला आणि त्यातील सुमारे २५ लाख टन निर्यात झाला. म्हणजे बारा गोण्यांमागे एकच गोणी बाहेर गेली. परंतु ही एक गोणी देशातच राहिली की उरलेल्या अकरा गोण्यांचा भाव पाडते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

सरकार निर्यात का रोखते?

पहिले कारण म्हणजे खरीखुरी टंचाई. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पावसाने रब्बी कांदा भिजला व चाळीत टिकला नाही. त्यानंतर ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा गेला आणि खरीपाचा कांदा लांबला. टंचाई काल्पनिक नव्हती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मजुरीवर पोट भरणाऱ्या कुटुंबाला महागाईचा चटका खरोखरच बसतो.

दुसरे कारण राजकीय आहे. १९९८ मध्ये दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत कांद्याची महागाई हा मोठा मुद्दा झाला आणि सत्तारूढ पक्ष हरला. हा धडा कोणताच पक्ष विसरलेला नाही. ग्राहक संख्येने जास्त आहेत आणि ते रोज कांदा विकत घेतात.

तिसरे कारण सोपेपणाचे आहे. ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचा तर तिजोरीतून पैसा काढावा लागतो. निर्यात बंद करायला मात्र १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली एक अधिसूचना पुरते. खर्च होतोच, पण तो अंदाजपत्रकात दिसत नाही, शेतकऱ्याच्या पट्टीत दिसतो.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. २००८ मध्ये भारत, व्हिएतनाम आदी देशांनी तांदळाची निर्यात रोखली, तेव्हा जगाच्या बाजारात तांदळाचा भाव काही महिन्यांतच दुपटीहून अधिक झाला. एकाने दार लावले की भीतीपोटी दुसराही लावतो. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतही अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालण्याची मुभा आहे. 'तात्पुरती' हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे.

बंदी कोणाला लागते?

सरकारजवळ तीन हत्यारे आहेत. किमान निर्यात मूल्य, म्हणजे ठरावीक दराखाली माल बाहेर पाठवता येत नाही. दुसरे निर्यात शुल्क. ते व्यापारी बंदरावर भरतो, पण बाजार समितीत बोली लावताना आधीच वजा करून घेतो. तिसरे पूर्ण बंदी. आता तारखा पाहा.

२०१९ : सप्टेंबरमध्ये बंदी, १५ मार्च २०२० पासून खुली.
२०२० : सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ पासून खुली.
२०२३ : ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान मूल्य, डिसेंबरमध्ये बंदी. ती ४ मे २०२४ रोजी उठली, तरी ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढले व शुल्क २० टक्के केले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तिन्ही वेळी निर्बंधांची सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. त्या काळात चाळीतला रब्बी कांदा संपत आलेला असतो आणि खरीपाचा पुरेसा आलेला नसतो. पण बंदी रेंगाळते ती लाल कांदा, रांगडा आणि कधी नवा रब्बी कांदा बाजारात येईपर्यंत. तोवर टंचाई संपलेली असते. म्हणजे चढा भाव ज्याला मिळाला तो शेतकरी वेगळा आणि बंदीची झळ ज्याला बसली तो वेगळा. माझ्या वडिलांनी ऑक्टोबरात एक किलोही कांदा विकला नव्हता; फटका मात्र त्यांना बसला. शिवाय परदेशी गिऱ्हाईक एकदा पाकिस्तान, चीन किंवा इजिप्तच्या मालाकडे वळले की ते परत आणायला वेळ लागतो.

आपण काय करावे?

१. चाळीतला सगळा कांदा शेवटच्या चढ्या भावासाठी अडवून ठेवू नका. जुलैपासून टप्प्याटप्प्याने विका. ऑगस्टनंतर उरणारा साठा एवढाच ठेवा, की भाव पडला तरी घराचे गणित मोडणार नाही.

२. साठवणुकीसाठी एन-२-४-१ किंवा भीमा किरण यांसारखे टिकाऊ वाण घ्या. काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. कांदा शेतात पातीसह सुकवा, थोडी मान ठेवून पात कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवूनच हवेशीर चाळीत भरा. सडून जाणारा कांदा कोणत्याही बंदीपेक्षा जास्त नुकसान करतो.

३. एका वर्षाचा चढा भाव पाहून पुढच्या वर्षी सगळे क्षेत्र कांद्याखाली आणू नका. शेजारीही तोच विचार करीत असतो.

४. बियाणे, मजुरी, औषधे, वाहतूक यांचा हिशेब वहीत लिहा. क्विंटलमागे खर्च किती आला हे आकड्यांत सांगता आले, तरच आपली मागणी ऐकली जाते.

आणि मागणी कोणती असावी? केवळ 'बंदी नको' एवढे म्हणून भागणार नाही. कोणत्या भावाला कोणता निर्बंध लागेल, हे लागवडीपूर्वी जाहीर व्हावे. बंदी घालतानाच ती उठण्याची तारीख ठरावी आणि नवी आवक वाढताच, तारखेची वाट न पाहता, ती उठावी. सौदा झालेला व वाटेत असलेला माल अडवू नये. राखीव साठ्याची खरेदी काढणीच्या हंगामात, खर्च निघेल अशा भावाने व्हावी. ग्राहकाला दिलासा जरूर द्यावा. पण त्याचा खर्च सर्व देशाने उचलावा, एकट्या कांदा उत्पादकाने नव्हे.

वडिलांना मी फोनवर एवढेच सांगितले, "दादा, कांदा तुमचा परदेशात जात नसेल, पण भाव तुमचा तिथूनच येतो." त्यावर ते म्हणाले, "मग ते आम्हाला लावणीच्या आधी सांगत जा." ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.