भिंतीवरची शाळा



या व्याख्यानमालेत साहित्यिकांनी बोलावे अशी प्रथा आहे. मी साहित्यिक नाही. चौतीस वर्षे याच हैदराबाद शहरात मुलांना मराठी आणि गणित शिकवले, निवृत्तीनंतर एका देवळाच्या सभागृहात संध्याकाळची अभ्यासिका चालवली, एवढीच माझी ओळख. विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने दिली, तेव्हा ठरवले की टाळेबंदीतल्या त्या दीड वर्षाबद्दल बोलायचे. त्यात आमच्या हातून जे बरे झाले ते सांगेन, आणि जे चुकले तेही सांगेन. चुकले ते सांगायचे आहे म्हणूनच खरे तर आज उभी आहे.

आमच्या अभ्यासिकेत मार्च २०२० मध्ये बावीस मुले होती. बहुतेक नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून इथे बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली. आपल्या घरांचे मजले चढवणारी ही माणसे मराठीच बोलतात, पण आपली नि त्यांची गाठ क्वचित पडते. मुलांची नावे जवळच्या सरकारी शाळेत होती, तिथे शिकवणे तेलुगूतून. मुलांची तेलुगू बाजारापुरती, घरची मराठी बोलण्यापुरती. दोन भाषांच्या मधल्या फटीत ती पडू नयेत म्हणून आमचे ते दोन तास.

२४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पुढच्या काही आठवड्यांत आमच्यातली तेरा मुले आईवडिलांबरोबर गावाकडे निघून गेली, काही चालत, काही मिळेल त्या वाहनाने. नऊ जण राहिले, बांधकामाच्या आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये.

जूनमध्ये आम्ही चार सेवानिवृत्त मंडळींनी व्हॉट्सॲपवर एक गट केला. रोज सकाळी दहाला धडा पाठवायचा, उत्तरांचे फोटो मागवायचे. मी वहीत तारखेनिहाय हजेरी मांडायची. संदेशाला निळी खूण दिसली की हजर. महिनाभर हजेरी उत्तम होती, आणि मी लोकांना अभिमानाने सांगतही होते की आमची मुले शिकत आहेत.

ऑगस्टमध्ये धान्याची पाकिटे द्यायला आम्ही त्या आवारात गेलो. तिसरीतल्या एका मुलाला विचारले, कालचा धडा कळला का? तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याच्या मोठ्या बहिणीने सांगितले, “बाई, फोन पप्पासंग कामावर जातो. रातच्याला येतो. तवर हा झोपलेला असतो.” निळ्या खुणा बापाच्या होत्या. दिवसभर विटा वाहून आलेला तो माणूस रात्री नऊला आमचा धडा उघडायचा, कारण बाईंनी पाठवलाय तर पाहिला पाहिजे. कधी त्याला जमेल तसे उत्तर लिहून फोटोही पाठवायचा. मी दोन महिने त्या बापाला अपूर्णांक शिकवत होते.

श्रोतेहो, ही गोष्ट एका आवारापुरती नव्हती, हे नंतर देशभरच्या पाहण्यांतून दिसले. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. फोन वाढले. पण ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी झाली, तेव्हा ग्रामीण मुलांपैकी फक्त ८ टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के अजिबातच शिकत नव्हती. घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे, यांत बापाच्या कामाचा अख्खा दिवस असतो.

सरकारांनी हातपाय हलवले नाहीत असे नाही. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी मोहीम निघाली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका सुरू झाली. आपल्या तेलंगणात १ सप्टेंबरपासून दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅटवर धडे येऊ लागले. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना त्याचा उपयोग झाला. पत्र्याच्या खोलीत टीव्ही नव्हता.

त्याच काळात काही माणसांनी वेगळ्या वाटा काढल्या. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवायला सुरुवात केली. तिचे नाव ‘बोलकी शाळा’. जिथे फोनला रेंज नाही तिथे आवाजाने पोहोचायचे, अशी ती कल्पना. आणि सोलापूरच्या नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या अडीच-तीनशे घरांच्या भिंतींवर पहिलीपासून दहावीपर्यंतचे धडे रंगवून घेतले. मुळाक्षरे, पाढे, सूत्रे, शास्त्रातल्या आकृत्या. येता-जाता मुलांनी वाचावे, अंतर ठेवून उभे राहून अभ्यास करावा. पालक बहुतेक कापडधंद्यातले कामगार, प्रत्येक मुलाला फोन घेऊन देणे त्यांना परवडणारे नव्हते. भिंत मात्र प्रत्येकाच्या घराला होतीच.

ती बातमी वाचली आणि मला आपले हैदराबाद आठवले. सोलापूरच्या पूर्व भागातली अनेक घरे आपल्या तेलंगणातून गेलेली, पद्मशाली विणकरांची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आमच्या आवारातल्या मुलांचे अगदी उलट. मागामागे गेलेली माणसे तिकडे, विटांमागे आलेली माणसे इकडे, आणि दोन्हीकडची मुले घराबाहेरच्या भाषेत अक्षरओळख करून घेणारी.

आमची भिंत त्यामानाने फारच लहान होती. आधी आम्ही पत्र्यावरच लिहू पाहिले. पत्र्यावर खडू उठत नाही. मग पाण्याच्या हौदाशेजारची सिमेंटची भिंत मुकादमाकडून मागून घेतली. त्याने हो म्हटले, वर अर्धी गोणी चुनाही दिला. चुना फासून कोरडा झाला की चुलीतल्या कोळशाने लिहायचे. पावसाने पुसले की पुन्हा चुना. हौदाजवळची भिंत मुद्दामच निवडली होती. टँकर येईपर्यंत आणि घागर भरेपर्यंत मुले, बायका तिथे रांगेत उभ्या असत. उभ्या माणसाचा डोळा भिंतीवर जाणारच.

पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे आपल्या उंचीवर लिहिले. पहिली-दुसरीची मुले माना वर करून दमली. मग मी जमिनीवर बसून लिहायला शिकले. डावीकडे गणित, उजवीकडे गोष्टीचा एक भाग, तोही अर्ध्यावर तोडलेला, म्हणजे गुरुवारी पुढचा वाचायला यायलाच हवे. गणिते पुस्तकातली घेतली नाहीत. सहा दिवसांची हजेरी, रोजाचा भाव अमुक, उचल वजा केली, हातात किती? हे गणित मुलांनी घरी नेले. पुढच्या आठवड्यात मुकादम हसत म्हणाला, “बाई, वजाबाकी जरा सावकाश शिकवा.”

पण भिंतीची एक अडचण लवकरच कळली. भिंत सांगते, विचारत नाही. मूल ओळ वाचते, चुकीची वाचते, आणि खूश होऊन पुढे जाते. ध्वनिक्षेपकाचे तेच, टीव्हीचे तेच, माझ्या निळ्या खुणांचेही तेच. आम्हाला आठवड्यातून दोनदाच जाता येत होते, तेही तोंड बांधून. मधल्या पाच दिवसांत विचारणार कोण?

विचारायला उभी राहिली ती तीच बहीण. वय चौदा, आठवीत नाव. तिचे नाव मी सांगत नाही, आवारात सगळे तिला ताईच म्हणत. रोज संध्याकाळी आई कामावरून यायच्या आत ती भाकरी उरकायची आणि नऊ मुलांना भिंतीसमोर बसवायची. हातात कोळशाचा तुकडा. “काय कळलं ते सांग,” हा तिचा एकच प्रश्न. मूल अडले की ती उत्तर द्यायची नाही, दुसऱ्याला विचारायची. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन चौतीस वर्षांत जे अधूनमधून केले, ते ती रोज करत होती. फेब्रुवारीत गावाकडून दोन कुटुंबे परत आली, त्यांच्या मुलांनाही तिने रांगेत घेतले.

१ सप्टेंबर २०२१ ला शाळा उघडल्या. आमच्या मुलांची आम्ही तोंडी परीक्षा घेतली. त्याच वर्षीच्या जानेवारीत अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची तपासणी केली होती. त्यांतली ९२ टक्के मुले भाषेतले किमान एक कौशल्य विसरली होती. आमचीही काही गोष्टी विसरली होती. पण सगळी वाचत होती. तिसरीतला तो मुलगा, ज्याच्या वाटचे अपूर्णांक बाप शिकला, तो जोडाक्षरांसकट वाचत होता. आम्ही पेढे वाटले. ताईला एक दप्तर भेट दिले, कौतुकाची भाषणे केली. टाळ्या वाजल्या.

ते दप्तर शाळेत गेले नाही. दहा-पंधरा दिवसांनी कळले की ती आईबरोबर धुण्याभांड्याला जाऊ लागली आहे. मी तिच्या खोलीवर गेले. आईला समजावले, मुख्याध्यापकांना भेटले, फी नाही, पुस्तके फुकट, सगळे सांगितले. ताई गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाई, आठवीचं मला काहीच येत नाही. नववीत बसून काय करू?”

श्रोतेहो, वर्षभर त्या भिंतीवर पहिलीपासून पाचवीपर्यंतचे धडे लिहिले गेले. आठवीचा एकही लिहिला गेला नाही. नऊ मुलांना रोज संध्याकाळी कोणीतरी विचारत होते, काय कळले ते सांग. त्या विचारणारीला आम्ही चौघांनी, चौतीस-चौतीस वर्षे शिकवलेल्यांनी, एकदाही विचारले नाही. ती इतकी हुशार, इतकी समजूतदार, की तिला काही लागते हे आमच्या ध्यानातच आले नाही. आमची अभ्यासिका तिच्या खांद्यावर उभी होती आणि आम्ही ती आपली समजत होतो.

अशा ताया त्या काळात गावोगाव होत्या. कुठे भावंडांना शिकवणाऱ्या, कुठे शेजारच्या मुलांना. टाळेबंदीत शिक्षण कसे चालू राहिले याचे वृत्तांत निघतात, त्यांत फोन येतो, भिंत येते, ध्वनिक्षेपक येतो. हे सारे उपयोगी पडले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण धडा पोहोचणे वेगळे आणि मूल शिकणे वेगळे. मधे एक माणूस लागतो, हाकेच्या अंतरावरचा, उत्तर ऐकायला थांबणारा. आणि त्या माणसाचीही विचारपूस करणारे कोणी लागते.

हे मी आपल्यासमोर का सांगते? आपले आजोबा-पणजोबा या शहरात आले किंवा इथलेच होते, तेव्हा राज्यकारभार उर्दूचा, पुढे उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून. आपल्या भाषेतल्या शाळेचे दार कोणी उघडून देईल म्हणून ते थांबले नाहीत. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी उभी राहिली, पुढे मराठी ग्रंथसंग्रहालय आले. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो, सांगावाच. पण आज या शहरात मराठी शाळेची सर्वांत जास्त गरज ज्या मुलांना आहे, ती आपल्या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहतात. आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, त्यांचे ठीक चालले आहे.

गेल्या वर्षीपासून अभ्यासिकेत आम्ही एक नियम केला आहे. जे मोठे मूल लहानांना शिकवील, त्याच्यासाठी आमच्यापैकी एकाने आठवड्याचे तीन तास राखून ठेवायचे. फक्त त्याच्या इयत्तेच्या अभ्यासासाठी. आज अशी चार मुले आहेत आणि आम्ही शिकवणारे तिघेच उरलो आहोत. मला चौथा माणूस हवा आहे. आठवी-नववीचे गणित येणारा, मंगळवार, गुरुवार, शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा मोकळा असणारा. व्याख्यान संपल्यावर मी दारापाशी थांबते.

आणि ताई? ती आता एकोणीस वर्षांची आहे. पाच घरी कामाला जाते. मुक्त विद्यालयातून दहावीला बसण्याविषयी मी तिला दोनदा सुचवले, दोनदा तिने हसून विषय बदलला. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा गेले, तेव्हा तिने विचारले, “बाई, गणित सोडून बसता येतं का?” मी चौकशी करते आहे.