आमचे नाना उद्योग आणि आमचें घर
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनांत केलेलें भाषण)



महोत्सव मंडळाच्या चिटणिसांनीं आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितलें, आणि जातां जातां दारांतून मागें वळून ते म्हणाले, "फादर, प्रवचन नको, आपल्याविषयींच कांहीं सांगा." प्रवचनावांचून आम्हांस दुसरें कांहीं येत नाहीं, असा त्यांचा समज दिसला. वस्तुस्थिति अशी आहे कीं, गेल्या एकोणतीस वर्षांत आमच्या हातून प्रवचनें थोडीं आणि इतर उद्योगच फार झाले. त्या उद्योगांचा, आणि त्यांबरोबर आमच्या घरचा, थोडासा हिशेब आज आपल्यापुढें ठेवितों.

आमचा जन्म १९६९ सालीं वसईच्या किनाऱ्यावरील एका वाडींत झाला. वडील केळी व पानवेली लावीत. आई पहाटेच्या गाडीनें भाजीफुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईस जाई. बावखलाचें पाणी झाडांस लावण्याचें काम आमच्याकडे होतें. परंतु आमचें लक्ष पुस्तकांत आणि पाणी शेजाऱ्याच्या वाडींत, असा प्रकार नित्य घडे. म्हणूनच सेमिनरींत जाण्याचा मनोदय सांगतांच वडील शांतपणें म्हणाले, "देवास चालत असेल तर आमची हरकत नाहीं." आमच्याहून तीन वर्षांनीं धाकटा असलेला भाऊ तेवढा त्या दिवशीं जेवला नाहीं.

गोरेगांवच्या सेमिनरींत आम्ही आठ वर्षें काढलीं. १९९१ सालीं वडिलांस अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ तेव्हां कॉलेजांत होता. त्यानें पुस्तकें मिटलीं आणि वाडी हातीं घेतली. आम्हांस घरून निरोप आला, "परीक्षा जवळ आहे, तूं येऊं नकोस." आम्ही फार आज्ञाधारक, गेलों नाहीं.

१९९६ सालीं आम्हांस गुरुदीक्षा मिळाली ती मुंबई धर्मप्रांतांत. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हां खुर्चीवरून न उठतां आमचा धर्मप्रांत बदलला. पुढें १९१४ नव्हे, २०१४ च्या ऑगस्टांत पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हां तशाच प्रकारें आमचा जिल्हाही बदलला. बसल्या जागीं इतका प्रवास केलेला मनुष्य विरळाच!

मध्यंतरीं जव्हारच्या डोंगराळ भागांत आदिवासी मुलांच्या वसतिगृहावर आमची नेमणूक झाली. तेथें आम्ही पहाटे मिस्सा अर्पण करीत असूं, नंतर पेज ढवळीत असूं, रविवारीं मुलांचे केस कापीत असूं आणि रात्रीं खरजेचें मलम लावीत असूं. त्या मुलांपैकीं एकानें पुढें केशकर्तनाचें दुकान काढलें. केस कसे कापूं नयेत, हें आपण फादरांकडून शिकलों, असें तो गिऱ्हाइकांस सांगतो.

लग्नें लावणें हें तर आमचें कर्तव्यच. परंतु लावलेलीं लग्नें टिकविण्याचें कामही आमच्याकडे येतें. एकदां एक जोडपें भांडत भांडत आमच्या कचेरींत आलें. आम्हीं तासभर उपदेश केला. शेवटीं दोघांचें एका गोष्टीवर एकमत झालें: फादरांस संसारांतलें कांहींएक कळत नाहीं. त्या एकमताच्या पायावर त्यांचा संसार आजतागायत सुखानें चालला आहे.

आतां पंपाची गोष्ट. संत थॉमस अक्वायनस यांनीं दिलेलीं ईश्वराच्या अस्तित्वाचीं पांच प्रमाणें आम्हांस तोंडपाठ होतीं. परंतु विहिरीवरील पंपांत हवा शिरली म्हणजे पाणी चढत नाहीं, हें सेमिनरींत कोणी शिकविलें नव्हतें. वसतिगृहाचा पंप बंद पडला कीं आम्ही भावास दूरध्वनि करूं. तो पलीकडून सांगे, "आधीं पंपांत पाणी भरा. फूटव्हॉल्वांत कचरा अडकला आहे का तें बघा." पाणी चढलें कीं आम्ही देवाचे आभार मानूं आणि भावाचे मानावयाचे विसरूं. घरचीं माणसें कशीं आहेत, हें विचारण्यापूर्वींच बहुधा पाणी येत असे.

वर्षांतून एकदां आम्ही घरीं जाऊं. आम्हांस बसावयास खुर्ची मिळे, पापलेटाचा मधला तुकडा मिळे आणि पाहुण्यांकरितां कपाटांत ठेवलेल्या सोनेरी कडेच्या कपांतून चहा मिळे. घरचीं सारीं माणसें पेल्यांतून चहा पीत. गुरुदीक्षेच्या दिवसापासून भाऊ आम्हांस 'दादा' म्हणत नसे. 'फादर' म्हणे आणि 'तुम्ही' म्हणे. आम्हांस तो आदर वाटला, आणि खरें सांगतों, बरेंही वाटलें.

२००६ सालच्या पावसाळ्यांत एका गुरुवारीं भावाचा दूरध्वनि आला. आईचें दुखणें वाढलें होतें. आम्ही म्हणालों, "रविवारची मिस्सा आटोपून लगेच निघतों." शनिवारीं रात्रीं आई गेली. अर्ध्या दिवसाची वाट होती. आमच्या जागीं मिस्सेस दुसरे धर्मगुरु मिळाले असते. आम्हीं विचारलें नाहीं इतकेंच. अंत्यविधि आम्हींच केला. भाऊ आम्हांस एक शब्द बोलला नाहीं. त्यानें त्याच सोनेरी कडेच्या कपांतून चहा पाठविला. इतरांच्या शेकडों मरणांस वेळेवर पोहोंचलेला हा धर्मगुरु स्वतःच्या आईच्या मरणास उशिरा पोहोंचला, ही गोष्ट आम्हीं आजपर्यंत कोणत्याही व्यासपीठावर सांगितली नव्हती.

गतवर्षीं एका सभेंत ख्रिस्तपुराणावर बोलावयाचें होतें, म्हणून आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र चाळीत होतों. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरु ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघाले ते २४ ऑक्टोबरास गोव्यास पोहोंचले. पुढें चाळीस वर्षें ते या देशांत राहिले, मायदेशीं परत गेले नाहींत. १६१६ सालीं त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण गोव्यांतील राशोल येथें छापलें गेलें आणि १६१९ सालीं ते निवर्तले. गोव्यास उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तोंच त्यांनीं आपल्या वडिलांस सविस्तर पत्र लिहून वाटेंतले वारे, पक्षी व मासे यांचें वर्णन कळविलें. १५८३ सालीं त्यांनीं आपल्या भावास लिहिलें कीं, इकडील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे. पंडित लोक या दुसऱ्या पत्राची थोरवी गातात तें योग्यच आहे. आमच्या मनास मात्र निराळीच गोष्ट लागली. सहा महिन्यांच्या समुद्रापलीकडे असलेल्या भावास हा मनुष्य पत्र लिहितो. आणि आम्हीं आमच्या भावास पंपापलीकडे कांहींच विचारलें नाहीं!

त्याच रात्रीं आम्ही पत्र लिहावयास बसलों. प्रवचन लिहिण्यास आम्हांस एक तास लागतो; या दोन पानांस चार रात्री लागल्या. कॉलेजाबद्दल लिहिलें, वडिलांबद्दल लिहिलें, त्या गुरुवाराबद्दल लिहिलें आणि क्षमा मागितली. महिनाभर उत्तर आलें नाहीं. नंतर नाताळांत आम्ही घरीं गेलों. पत्राविषयीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं. भावजयीनें संवयीनें कपाट उघडलें, तों मागच्या दारांतून भावाचा आवाज आला, "तो कप राहूं दे. दादा घरचाच आहे, पेल्यांत दे." पेल्यास कान नव्हता, आमचीं बोटें चांगलींच भाजलीं. इतका गोड चहा आम्ही उभ्या जन्मांत प्यालों नव्हतों.

या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामांतून निघालेल्या धर्मगुरूंचीं व धर्मभगिनींचीं छायाचित्रें छापलीं आहेत. तीं पाहतांना एक विनंति ध्यानांत ठेवा. प्रत्येक छायाचित्रामागें घरीं राहिलेला कोणी भाऊ, कोणी बहीण आहे. म्हाताऱ्या आईबापांची सेवा त्यांनीं केली, म्हणून दुसऱ्यास देवाच्या सेवेस जातां आलें. आज घरीं परततांना त्यांच्या दारीं क्षणभर थांबा आणि त्यांचेही अभिनंदन करा. आणि आमचे जे तरुण गुरुबंधु येथें बसले आहेत, त्यांनीं आज रात्रीं घरीं दूरध्वनि करावा. पंप बिघडला नसला तरी करावा.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. शेवटीं प्रवचन झालेंच, असें त्यांच्या मुद्रेवर दिसतें. त्यांची क्षमा मागून हें भाषण संपवितों. परमेश्वर आपणां सर्वांच्या घरांस आशीर्वाद देवो.