पॅरिसच्या मैदानावरच्या लेकी

भाकरी थापत असाल तर थापत ऐका, शेंगा फोडत असाल तर फोडत ऐका. आज आम्ही खेळाची गोष्ट सांगणार आहोत. खेळ म्हटलं की घरातली माणसं टीव्हीपुढे बसतात आणि आपण चहा टाकायला उठतो. आज मात्र आपण बसून ऐकायचं, कारण ही गोष्ट आपल्या लेकीबाळींची आहे.

ऑलिंपिक तुम्हाला ठाऊक आहे. ते संपलं की थोड्या दिवसांनी त्याच शहरात दिव्यांग खेळाडूंची जागतिक स्पर्धा भरते. तिला पॅरालिम्पिक म्हणतात. २०२४ साली ती फ्रान्समधल्या पॅरिस शहरात झाली, २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. आपल्या देशाचे ८४ खेळाडू तिथे गेले होते. त्यात ३२ बाया आणि मुली होत्या. परत येताना आपल्या संघाने २९ पदकं आणली: ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य. देशांच्या यादीत आपला नंबर अठरावा लागला.

२९ म्हणजे जास्त की कमी? गटाच्या वहीत मांडतो तसा मागचा हिशेब मांडून बघू. भारत या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९६८ साली. तिथपासून २०१६ पर्यंत सगळी मिळून पदकं झाली १२. मग कोरोनामुळे लांबलेली टोकियोची स्पर्धा २०२१ साली झाली, तिथे एकदम १९ आली. आणि पॅरिसमध्ये २९. आता त्याच वहीत बायकांचा रकाना वेगळा काढू. २०१६ पर्यंत एकच पदक, दीपा मलिक यांनी गोळाफेकीत मिळवलेलं रौप्य. टोकियोत तीन. पॅरिसमध्ये अकरा. त्यातली दहा मुलींनी एकटीने जिंकली आणि अकरावं एका मुलीने आणि एका पुरुषाने जोडीने जिंकलं. एक, तीन, अकरा. आठ वर्षांत एवढा फरक कशाने पडला, हेच आज आपल्याला बघायचं आहे.

आधी एक शंका दूर करू. तुम्ही म्हणाल, कुणाला दिसत नाही, कुणाला हात नाही, कुणाचे पाय चालत नाहीत, मग यांची आपसात शर्यत लावायची कशी? त्यासाठी प्रत्येक खेळाडूची तपासणी होते आणि तिच्या शरीराच्या अडचणीप्रमाणे तिचा गट ठरतो. कमी दिसणाऱ्या कमी दिसणाऱ्यांबरोबर धावतात. बसून गोळा फेकणाऱ्या बसून फेकणाऱ्यांबरोबर. म्हणजे लढत बरोबरीची होते. आपण शेळी आणि बैल एका जोताला जुंपत नाही, तसंच.

आता या मुली कोण आहेत ते ऐका.

अवनी लेखरा राजस्थानातल्या जयपूरची. अकरा वर्षांची असताना गाडीच्या अपघातात तिच्या मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर आहे. तिने बंदूक हातात घेतली. टोकियोत सुवर्ण जिंकलं आणि पॅरिसमध्ये त्याच प्रकारात पुन्हा सुवर्ण जिंकलं. त्याच लढतीत तिसरी आली मोना अगरवाल, तीही राजस्थानचीच. मोना नऊ महिन्यांची असताना तिला पोलिओ झाला. पॅरिसला गेली तेव्हा ती दोन मुलांची आई होती. लेकरं घरी ठेवून सरावाला जायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. एकाच लढतीत आपल्या देशाच्या दोन बाया पदक घेऊन उभ्या राहिल्या.

शीतल देवी जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड भागातल्या डोंगरातली. तिला जन्मापासून दोन्ही हात नाहीत. ती खुर्चीत बसते, पायाने धनुष्य धरते आणि खांदा व जबड्याच्या जोरावर दोरी ओढून बाण सोडते. पॅरिसला गेली तेव्हा सतरा वर्षांची होती. एकटीच्या लढतीत ती फक्त एका गुणाने हरली आणि बाहेर पडली. पोर रडली असेल, नाही? पण दोनच दिवसांनी राकेश कुमार यांच्या जोडीने ती पुन्हा उतरली. इटलीच्या जोडीशी सामना झाला आणि १५६ विरुद्ध १५५ गुणांनी त्यांनी कांस्य जिंकलं. एका गुणाने गेलं होतं, एका गुणाने परत आलं.

प्रीती पाल उत्तर प्रदेशातल्या शेतकरी घरातली. तिच्या पायांत लहानपणापासून अडचण. १०० मीटर धावण्यात तिने कांस्य जिंकलं. पॅरालिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेलं हे पहिलं पदक. दोन दिवसांनी २०० मीटरमध्येही कांस्य.

सिमरनला फार कमी दिसतं. ती धावते तेव्हा तिच्या शेजारून एक सोबती धावतो. दोघांचे हात एका छोट्या दोरीने जोडलेले असतात. तो तिला ओढायचा नाही, ढकलायचा नाही, फक्त वाट दाखवायची. शेवटची रेषा आधी तिने ओलांडायची, मग त्याने. हा नियमच आहे. आणि पदक मिळालं तर त्या सोबत्यालाही मिळतं. २०० मीटरचं कांस्य सिमरनला मिळालं, तसं तिचे सोबती अभय सिंग यांनाही मिळालं.

आणि दीप्ती जीवनजी. ती तेलंगणातल्या वरंगलकडच्या कल्लेडा गावची. आईवडील मजुरी करणारे. तिला बुद्धीची अडचण आहे, शिकायला-समजायला वेळ लागतो. गावातले लोक तिला नावं ठेवायचे, वेडी म्हणायचे. तिला अनाथाश्रमात नेऊन टाका, असंही आईबापाला सांगणारे होते. आईबापाने टाकलं नाही. पोर धावते चांगली, हे शाळेत दिसलं, पुढे प्रशिक्षकांच्या नजरेत आलं. मे २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात जागतिक स्पर्धेत तिने ४०० मीटरचं अंतर ५५.०७ सेकंदांत पार केलं. सुवर्ण मिळालं आणि तिच्या गटातला जगाचा विक्रम झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये कांस्य. जिला टाका म्हणत होते, तिचं नाव आज देश घेतो.

मैत्रिणींनो, या सगळ्या दूरच्या असं म्हणू नका. आपल्या महाराष्ट्राचा हात या खेळात पहिल्यापासून आहे. भारताला पॅरालिम्पिकमधलं सगळ्यात पहिलं सुवर्ण मिळवून दिलं ते सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी. ते सैन्यात होते. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ते ५० मीटर पोहण्यात पहिले आले. पॅरिसमध्ये त्याच सांगली जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्य मिळवलं. लहानपणी सायकलवरून पडून त्यांचा हात कायमचा अधू झाला. त्यांचा गोळा गेला १६.३२ मीटर. पहिला आलेल्या कॅनडाच्या खेळाडूचा १६.३८. सहा सेंटीमीटरचा फरक. आपली चार बोटं जोडून धरा, साधारण तेवढाच.

आणि पॅरिसच्या उद्घाटनाला देशाचा तिरंगा कुणाच्या हातात होता? भालाफेकीतले सुमित अंतिल आणि त्यांच्या बरोबरीने नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव. मराठवाड्याच्या मातीतली एक बाई चाकाच्या खुर्चीवर बसून साऱ्या जगासमोर झेंडा घेऊन निघाली. त्या बसून गोळा फेकतात. पॅरिसमध्ये त्यांचा पाचवा नंबर आला. पदक नाही आलं. सांगलीचे सुकांत कदम बॅडमिंटनमध्ये चौथे आले, त्यांचंही थोडक्यात हुकलं. पण जगात चौथा, जगात पाचवा नंबर हा लहान नसतो. ८४ जण गेले होते आणि बहुतेक जण रिकाम्या हाताने परतले. त्यांचीही मेहनत तेवढीच आहे, हे आम्हाला आवर्जून सांगायचं आहे.

आता परत आपल्या वहीकडे येऊ. एक, तीन, अकरा. या मुलींच्या अंगात जिद्द होतीच, पण जिद्द आधीच्या बायकांमध्येही होती. फरक पडला तो सोयीने. सरावाचा, प्रशिक्षकाचा, परदेशी जाण्याचा खर्च सरकारी योजनेतून मिळू लागला. दिव्यांगांसाठी वेगळ्या राष्ट्रीय स्पर्धा वाढल्या. खेलो इंडियाच्या पॅरा स्पर्धा डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिल्यांदा भरल्या. कुणाला बसायला वेगळी खुर्ची मिळाली, कुणाला पायाला वेगळं पातं मिळालं, कुणाला धावणारा सोबती मिळाला. आणि या सगळ्याच्या आधी कुणीतरी त्या पोरीला उंबऱ्याच्या बाहेर आणलं. आईने आणलं, बापाने आणलं, शिक्षकाने आणलं. पोर घरातच राहिली असती तर प्रशिक्षकाला दिसली कशी असती?

इथेच आपलं घोडं अडतं. आम्ही गावोगावच्या गटांच्या बैठकांना जातो तेव्हा विचारतो, तुमच्या गावात दिव्यांग मुली किती? बायका म्हणतात, एकही नाही. मग चहा होतो, गप्पा होतात आणि हळूच कुणीतरी म्हणते, माझ्या जावेची आहे एक, पण ती काही बाहेर येत नाही. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवतात. धाकटीचं लग्न अडेल म्हणून मोठीचं नाव काढत नाहीत. मुलगा अधू असेल तर त्याला निदान पारावर बसवतात. मुलीला तेवढंही मिळत नाही. आईचं चुकतं असं आम्ही म्हणत नाही. तिला लोकांच्या तोंडाची भीती असते, आणि पोरीच्या अब्रूचीही काळजी असते. पण ते तोंड बंद करणं एकट्या आईला जमत नाही. गटातल्या दहा-बारा जणींना जमतं.

म्हणून गटाने काय करायचं ते सांगतो. पहिलं काम मोजणीचं. आपल्या वाडीत, आपल्या आळीत कुणाकुणाच्या घरी दिव्यांग मूल आहे, त्याची यादी करा. मुलींची नावं विसरू नका. दुसरं काम कागदाचं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचं ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात, ते काढा. त्याचा अर्ज ऑनलाइन भरतात आणि तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरलेले आहेत. फक्त हातपाय आणि डोळे नाहीत, दीप्तीसारखी समजण्याची अडचणही त्यात आहे. ज्यांची अडचण ४० टक्के किंवा जास्त आहे, अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. एसटीची सवलत आहे, सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत. पण कार्ड नसेल तर यातलं बरंचसं दारातच अडतं.

तिसरं काम ग्रामसभेत. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हा प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारा. एकटीने विचारायला जीभ अडखळत असेल तर गटाने मिळून जा. चौथं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड. हळदीकुंकवाला, भजनाला, गटाच्या बैठकीला त्या पोरीला बोलवा. तिच्या आईला सांगा, घेऊनच ये. शाळेत खेळाचा तास असेल तेव्हा ती वर्गात दप्तरं राखत बसली आहे का, हे एकदा जाऊन बघा. बसली असेल तर गुरुजींना, बाईंना विचारा, हिला खेळता येईल असं काय आहे?

तुम्ही म्हणाल, ताई, आमची पोर काही पॅरिसला जाणार नाही. खरं आहे. सगळ्याच जाणार नाहीत. पण पॅरिसला गेलेली प्रत्येक पोर आधी अंगणात आली, मग शाळेत गेली, मग तालुक्याला गेली. अंगणापर्यंत आणणं आपल्या हातात आहे. पुढे ती धावेल, शिकेल, शिवणाचं मशीन चालवेल, गटाचा हिशेब लिहील, किंवा नुसती चारचौघींत बसून हसेल. तेही तिच्या हक्काचंच आहे.

पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडाल, तेव्हा मागचं एक पान या यादीसाठी ठेवा. किती नावं निघाली ते आम्हाला केंद्रावर येऊन कळवा. कार्ड काढताना कुठे अडलं तेही सांगा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू. तोवर राम राम.