मैदान कोणाचे?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



दादरच्या शिवाजी पार्कचा इतिहास सांगताना बहुधा गाजलेल्या क्रिकेटपटूंची आणि वक्त्यांची नामावळी सांगितली जाते. ती खोटी नाही. पण तिच्यात मूळ प्रश्न हरवतो. जमिनीची किंमत चौरस फुटाने मोजणाऱ्या मुंबईत सुमारे २८ एकरांचे हे मैदान शंभर वर्षे मोकळे राहिले, ते कोणासाठी, हा तो प्रश्न होय.

मुंबई महापालिकेने १९२५ साली हे उद्यान खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. अवंतिकाबाई म्हणजे १९१७ साली गांधीजींच्या हाकेला ओ देऊन चंपारण्यातील खेड्यांत शिकवायला गेलेल्या कार्यकर्त्या. त्यांनी लिहिलेल्या गांधीजींच्या मराठी चरित्राला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती. गव्हर्नरांच्या आणि सेनापतींच्या नावांनी भरलेल्या शहरात एका सार्वजनिक जागेला लोकांच्या मनातले नाव मिळाले, याचे महत्त्व मोठे होते.

नावाला अर्थ मात्र लोकांच्या वापराने येतो. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना अटक झाली. त्या संध्याकाळी याच मैदानावर त्यांची सभा व्हायची होती. 'सभेत मी बोलेन', असे कस्तुरबांनी जाहीर केले आणि सरकारने त्यांनाही पकडले. १९४४ साली आगाखान पॅलेसमधील बंदिवासातच त्यांचा अंत झाला. एका वृद्ध स्त्रीने एका मैदानापर्यंत पोहोचू नये, याची साम्राज्यसत्तेला किती धास्ती वाटत होती, हे यावरून ध्यानी यावे.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांच्या समितीच्या सभांना गिरणगावातील कामगार आणि दादरचा कारकून एकाच मातीवर बसले. १९६६ साली शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा भरला, तोही येथेच. कामगाराला कामगाराचा भाऊ मानणारी भाषा या मैदानाने ऐकली, तशी त्याला परका ठरवणारी भाषाही ऐकली. मैदान कोणाचीच बाजू घेत नाही; जो पक्ष ते रिकामे सोडतो, त्याची जागा दुसरा घेतो.

आणि दरवर्षी ६ डिसेंबर येतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे चैत्यभूमीवर जातात आणि रात्री या मैदानावर अंग टाकतात. त्यांचे दादरमध्ये घर नाही. पण मैदानावरचा त्यांचा हक्क भोवतालच्या इमारतींत राहणाऱ्यांपेक्षा तसूभरही कमी नाही.

२०१० साली रहिवाशांच्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. पुढे राज्य शासनाने खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस राखून ठेवले. येथे कार्यकर्त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. रहिवाशांची तक्रार केवळ 'मध्यमवर्गीय' म्हणून झटकून टाकता येणार नाही. कर्णे कानठळ्या बसवत होते, हे खरे आहे. व्यासपीठांसाठी खेळपट्ट्यांशेजारची जमीन खणली गेली, तेव्हा नुकसान झाले ते तेथे रोज खेळणाऱ्या मुलांचे. अलीकडे लाल मातीच्या धुळीने रहिवाशांचा श्वास कोंडतो, ही तक्रारही खोटी नाही. परंतु शांततेचा हक्क मान्य करणे वेगळे आणि सभेचा हक्क सोडून देणे वेगळे. ज्याच्या हाती वृत्तपत्र नाही, वाहिनी नाही, सभागृहाचे भाडे भरण्यास पैसा नाही, त्याच्यासाठी मोकळे मैदान हेच शेवटचे व्यासपीठ असते.

म्हणून पक्षाने आवाजाची मर्यादा स्वतःहून पाळावी, सभेनंतर मैदान स्वतःच्या हातांनी साफ करावे आणि एवढे केल्यावर सभेच्या हक्कासाठी ठामपणे उभे राहावे. मुंबईतील इतर मैदाने 'देखभाली'च्या नावाखाली खासगी संस्थांकडे सोपवण्याचे प्रस्ताव वारंवार येतात. त्या प्रत्येक वेळी वॉर्डातील कार्यकर्त्याने विचारावयाचा प्रश्न एकच आहे : फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला आजही कोणाची परवानगी लागत नाही. ही गोष्ट साधी दिसते. ती तशीच राहावी यासाठी जागे राहावे लागेल.