माथेरानचे बंगले

1850 साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून आले आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या गर्द झाडीत बंगले उभे राहू लागले. मुंबईच्या उकाड्यातून सुटका म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी, आणि पाठोपाठ पारशी नि बोहरी व्यापाऱ्यांनी ते बांधले.

या बंगल्यांचा खरा जीव व्हरांड्यात आहे. आरामखुर्ची, पुस्तक, चहा, गप्पा, सगळं तिथंच. पण व्हरांडा केवळ बसायला नाही. तो भिंतींवर थेट ऊन पडू देत नाही, आणि पावसाळ्यात तिरपी सर आली तरी खोल्यांची दारं उघडी ठेवता येतात. बांधकामाचा दगड बहुधा डोंगरावरचाच, लाल जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज तासता येतो. हवा लागली की टणक होतो. जोतं उंच, म्हणजे ओल वर चढत नाही. छप्पर उतरतं. 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना निघाला आणि एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं कोकणात, घाटावर सर्वत्र पोहोचली. आतलं छत उंच असल्यानं गरम हवा वर जाते आणि वरच्या झरोक्यांतून निघून जाते.

माथेरानला गेलात तर पॉइंट बघून लगेच परतू नका. मोटारींना बंदी असल्यानं इथले रस्ते चालण्याचेच आहेत. वाटेतल्या जुन्या बंगल्यांसमोर जरूर थांबा. काहींची आता हॉटेलं झाली आहेत. तिथं मुक्काम करून या घरांचा गारवा स्वतः अनुभवता येतो.